एकच रिडिम, अनेक गायक

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील पाश्चात्त्य संगीतातील उसनवारीवरच्या लेखात जमैकन गायक शॉन पॉलचे ‘गेट बिझी’ आणि त्याच देशातील वेन वंडरचे ‘नो लेटिंग गो’ या गाण्यांच्या वादनातील साम्य दाखवून त्यांतील एक गाणे दुसऱ्यावरून उचलले असावे, असे सुचवले आहे. साम्य खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

जमैकातील डान्सहॉल या नाचाच्या लोकप्रिय संगीतात निर्माता आधी ताल आणि बेस यांचा एक साचा तयार करतो, ज्याला तेथे ‘रिडिम’ म्हणतात, आणि मग निरनिराळे गायक त्याच साच्यावर आपापले शब्द व चाल घेऊन गातात. एका रिडिमवर दहा-वीस गाणी निघणे हा तिथला रिवाज आहे. भजनी मंडळात एकाच चालीवर वेगवेगळे अभंग गायले जातात, तेव्हा कोणी चोरीची भाषा करत नाही. डान्सहॉलमध्ये तर वादन तेवढे समान असते, चालही प्रत्येकाची निराळी असते.

प्रस्तुत दोन्ही गाण्यांमागील रिडिमचे नाव ‘दिवाली’ असून तो स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेन यांनी रचला आहे. आडव्या लयीत पडणाऱ्या टाळ्या ही त्याची ओळख. त्या एकदा कानात बसल्या की गायक कोणीही असो, रिडिम लगेच ओळखू येतो. लंडनच्या ग्रीनस्लीव्हज कंपनीने २००२ मध्ये या एकाच रिडिमवरील गाण्यांचा अख्खा अल्बम काढला. त्यावर एलिफंट मॅन आणि बाउंटी किलर यांच्यासारखे चढ्या आवाजात शब्दांचा मारा करणारे डीजे आहेत, तसाच वेन वंडरसारखा मऊ गळ्याचा गायकही आहे, आणि हा विरोधाभासच अशा अल्बमची खरी गंमत असते. (जमैकात डीजे म्हणजे तबकड्या लावणारा नव्हे, तर तालावर बोलल्यासारखा गाणारा.) २००३ मध्ये ‘गेट बिझी’ अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, ‘नो लेटिंग गो’ अकराव्या, तर न्यूयॉर्कच्या लुमिडीने त्याच रिडिमवर गायलेले ‘नेव्हर लीव्ह यू’ तिसऱ्या. एका माणसाच्या एका रचनेवर तीन गायकांनी एवढी मजल मारली, आणि आपल्या लेखात नेमके त्याच माणसाचे नाव नाही.

रिडिमला आपल्या सणाचे नाव असल्यामुळे त्यात भारतीय संगीत शोधण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. १८४५ पासून हजारो भारतीय मजूर करारावर जमैकात नेले गेले, त्यामुळे हे नाव तिथे परके नाही. पण केवळ नावावरून त्या संगीतावर हक्क सांगणे हीसुद्धा उसनवारीच ठरेल.

पुढील अंकात मार्सडेन यांच्या श्रेयाचा उल्लेख करून खुलासा छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे