लस गावात येते तेव्हा वाडा कोकणात असतो

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात माझ्या वाड्यातील, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या आमच्या तळावरील, एकोणीस कोकरे आणि चार गाभण मेंढ्या पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाने, म्हणजे आमच्या भाषेत बुळकांडीने, दगावल्या. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येण्यापूर्वी लसीकरण होईल, असे आश्वासन आम्हाला मिळाले होते. त्यासाठी तीनदा मेंढरे दिवसभर वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, उपाशी कोंडून ठेवली, पण कोणीही आले नाही. चारा संपल्यावर घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघण्यावाचून गत्यंतर नव्हते.

साहेब, या रोगाच्या विषाणूवर औषध नाही. ताप येतो, नाकडोळे वाहतात, तोंड आतून सोलवटते आणि हगवणीने खंगलेले कोकरू माझ्या पत्नीच्या मांडीवर मान टाकते. यावरची लस आपल्याच देशात, उत्तराखंडातील मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत तयार झाली आणि तिची एक मात्रा किमान तीन वर्षे संरक्षण देते. मग रोग दरवर्षी परत का येतो? वाचलेली मेंढी पुन्हा आजारी पडत नाही. रोग जगतो तो नव्या, लस न मिळालेल्या कोकरांवर. आश्विनात जन्मलेले कोकरू लसीच्या वयाचे होते माघात, आणि तेव्हा वाडा रायगडातल्या भातखाचरांत बसलेला असतो. गावातली मोहीम वेळेवर झाली तरी ती या कोकरांपर्यंत पोहोचतच नाही.

कोकणातल्या दवाखान्यात गेलो, तर मेंढ्या आमच्या तालुक्याच्या नाहीत, असे उत्तर मिळाले. विम्यासाठी कानातला बिल्ला आणि शवविच्छेदनाचा दाखला हवा. चालत्या वाटेवर तो कोण देणार? शासनाच्या लेखी माणूस असो वा मेंढरू, त्याला एक कायमचा पत्ता लागतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आमचा मार्ग पत्ता ठरत नाही. हा अन्याय केवळ लसीपुरता नाही.

गुरांच्या बुळकांडीचे २०११ साली जगातून उच्चाटन झाले. त्याच कुळातील पीपीआर २०३० पर्यंत संपवण्याचे जागतिक उद्दिष्ट आहे. ते गाठायचे असेल, तर घाटपायथ्याच्या मुक्कामांवर माघ-फाल्गुनात बर्फपेटीसह लसीकरण पथके पाठवा आणि वाडा कोणत्याही तालुक्याचा असो, त्याची नोंद तिथेच करून घ्या.

माझी एकेचाळीस कोकरे अजून लसीविना आहेत. चैत्र संपेपर्यंत आम्ही याच खाचरांत आहोत.

आपला,
एक मेंढपाळ