स्वप्नातला साप

महोदय,

स्वप्नात साप दिसला की आमच्या यावल भागात ‘कुलदेवतेचा नवस फेडायचा राहिला का?’ असे आधी विचारतात. आपल्या पुरवणीतील लेखाने त्याच सापावर ‘दडपलेली कामवासना’ असा शिक्का मारून तो विषय संपवला. असे अर्थ ज्यांच्या नावावर सांगितले जातात, त्या मनोविश्लेषणाचे जनक खुद्द फ्रॉइड यांनीही प्रतीकांच्या तयार यादीपेक्षा स्वप्न पाहणाऱ्याला काय आठवते, यालाच अधिक महत्त्व दिले होते. १९१३ च्या सुमारास त्यांच्यापासून दूर झालेल्या मानसशास्त्रज्ञ युंग यांच्या सामूहिक नेणिवेतही, म्हणजे सर्व माणसांत समान असलेल्या मनाच्या अजाण थरातही, वारशाने येतो तो चित्रे घडवण्याचा कल, तयार चित्रे नव्हेत. केळीच्या बागेत रात्री पाणी भरताना माझ्या भावाच्या पायावरून साप सरपटत गेला आणि पुढे चार रात्री स्वप्नात आला, तो मग कशाचे प्रतीक समजावा?

– एक वाचक, यावल (जि. जळगाव)