रिमाइंडर: हवामान बदलावर काम करणाऱ्या कलाकारांसाठी

मंडळी, आपल्या कामासाठी पैसे कुठनं मिळतील असं ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी परत टाकतोय. कलाकारांना अनुदान देणाऱ्या बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडं अर्ज मराठीतून पण चालतो, इंग्रजीचं टेन्शन घेऊन कुणी मागं राहू नका. शिवाय केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची फेलोशिप हाय, ज्युनिअरला (वय २५ ते ४०) महिना १० हजार, सीनिअरला २० हजार, दोन वर्षं, विषय आपला आपण मांडायचा अन् लोककलावाले पण बसतात त्यात. तारखा साइटवर बघूनच भरा.

अन् ते रडणाऱ्या पृथ्वीचं पोस्टर नका पाठवू राव, तसली ढिगानं येतात. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, २०२५च्या सप्टेंबरात पुरानं सोयाबीनसकट रानातली माती खरडून नेली, खाली नुसता मुरूम उरला, हे आपल्याइतकं जवळून कोण दाखवणार?

कामाचे फोटो दिवसा उजेडात सरळ समोरून काढा, फ्लॅश नको, साइज अन् माध्यम लिहा. एन्ट्री फी मागणाऱ्या ऑनलाइन स्पर्धांपासून सांभाळून, बऱ्याचदा सर्टिफिकेटशिवाय हाती काय लागत नाही. कच्चा अर्ज रविवारपर्यंत ग्रुपवर टाका, वाचून सांगतो.