रिअ‍ॅक्शन नाही म्हणजे सगळं ठीक?

माझ्या 9 वर्षांच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. डॉक्टर दर वेळी विचारतात रिअ‍ॅक्शन किती वेळा आली, मी म्हणते वर्षभरात एकदाही नाही, की झालं, सगळं ठीक. पण मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती कोपऱ्यात स्वतःचा डबा उघडून बसते, एकादशीला आजीकडे खिचडीत कूट असतो म्हणून स्वयंपाकघराच्या दारातच थांबते, हे कुठल्या कागदावर येतं? युरोपात यासाठी खास प्रश्नावली तयार झाली, 8 ते 12 वर्षांच्या मुलांची वेगळी, 13 ते 17 ची वेगळी, पालकांचीही वेगळी. आपल्याकडे तशीच मराठीत हवी, कूट-चटणी-चिक्की धरून, आणि आधी मुलांना विचारा, कारण माझी भीती वेगळी न् तिची वेगळी.

– एक आई, पुणे