जुनं आउटबोर्ड इंजिन भंगारात काढू नका

संपादक साहेब, नमस्कार. होडीच्या मागे बसवतात ते आउटबोर्ड इंजिन जुनं झालं की लोक सरळ भंगारात काढतात ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा बिघाड फक्त खालच्या गिअरकेसमध्ये, म्हणजे प्रोपेलरजवळच्या (पाण्यातल्या पंख्याजवळच्या) गिअरच्या डब्यात असतो. खालचा स्क्रू काढून ऑइल बघा, दुधासारखं पांढरट आलं म्हणजे पाणी शिरलंय, मग प्रोपेलर शाफ्टचं (पंख्याच्या दांड्याचं) सील, म्हणजे पाणी अडवणारी रिंग, ड्राइव्हशाफ्टचं (इंजिनकडून खाली येणाऱ्या उभ्या दांड्याचं) सील आणि स्क्रूचे छोटे वॉशर सगळंच बदला. माझ्याकडे नवीन सील टाकूनही पाणी शिरतच होतं, शेवटी कळलं की शाफ्टवर सील बसतं तिथेच खाच पडली होती! आणि हो, नवीन ऑइल खालच्या भोकातूनच भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, नाहीतर आत हवा अडकते.

– एक वाचक