बाबांची डायरी आणि बिटाचा रस

नेरूळ, सोमवार रात्र

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल तुमच्याकडून निघाले. ठाण्याला नेरूळ गाडी लगेच मिळाली, खिडकीही मिळाली, पण ऐरोली गेलं, घणसोली गेलं, बाहेर काही दिसलं नाही. डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती. आई, तू कात्री आणायला सांगितलीस म्हणून मी देवघराखालचा खण उघडला आणि बाबांची बीपीच्या गोळ्यांची पट्टी हाताला लागली. शेजारी डबीत सुरीने कापलेल्या अर्ध्या-अर्ध्या गोळ्या. तुला विचारलं तेव्हा तू हळूच म्हणालीस, "दिवाळीपासून अर्धीच घेतात. बीट चालू केलंय ना."

फोनवर हा विषय काढला की बाबांचा आवाज चढतो, मग माझा चढतो आणि शेवटी आई फोन घेऊन जेवणाचं विचारते. म्हणून लिहिते आहे. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. आईलाही वाचून दाखवा, तिच्यासाठीही यात आहे.

आधी तुमच्या बाजूचं सांगते. बिटाचं तुम्ही जे ऐकलंत ते थोतांड नाही. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना मी रक्तवाहिन्यांचा धडा दर वर्षी घेते, आणि यातला काही भाग मुलांना सांगताना मला स्वतःलाच फार आवडतो. बिटात नायट्रेट भरपूर असतं. पालकात, माठात, मुळ्यातही असतं. पोटातून ते रक्तात जातं आणि त्यातला सुमारे चौथा हिस्सा लाळेच्या ग्रंथी ओढून घेऊन पुन्हा तोंडात सोडतात. तिथे जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. ते आपण गिळतो, आणि पुढे पोटात आणि रक्तात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं. हा वायू रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल करतो, वाहिनी रुंदावते, दाब उतरतो. नायट्रिक ऑक्साइडचं हे काम शोधल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना 1998 साली नोबेल मिळालं. काकांची छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी आठवते? तीही शेवटी हेच करते.

तरुणपणी रक्तवाहिनीचं आतलं अस्तर हा वायू स्वतःच पुरेसा तयार करतं. वय वाढलं, पोटावर चरबी साठली, की अस्तराचं हे काम मंदावतं. गोखले रोड तुंबला की तुम्ही आतल्या गल्लीतून राम मारुती रोडला निघता ना, तशी बिटाची वाट ही शरीराची आतली गल्ली आहे. म्हणूनच वजन जास्त असलेल्या वयस्कर माणसांवर बिटाचा रस तपासून बघावा असं संशोधकांना वाटलं.

तसा एक प्रयोग 2014 साली इंग्लंडच्या न्यूकॅसलमधल्या मंडळींनी प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेली 24 वयस्कर माणसं घेतली, 21 शेवटपर्यंत टिकली. काहींना तीन आठवडे रोज बिटाचा दाट रस, काहींना काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या ब्लॅककरंट फळाचा रस. घरी रोज मोजलेला वरचा आकडा बीटवाल्यांमध्ये सरासरी 7.3 ने उतरला. तुमच्या डायरीत 148 चे 138 झाले, ते मला म्हणूनच खोटं वाटत नाही.

पण त्याच प्रयोगात आणखी दोन गोष्टी निघाल्या. रस थांबवल्यावर एका आठवड्यात तो फरक टिकला नाही. आणि त्याच माणसांना दंडाला यंत्र बांधून चोवीस तास बीपी मोजलं, तेव्हा म्हणण्यासारखा बदल दिसलाच नाही. दवाखान्यात बसवून मोजलं त्यातही नाही.

आता तुमची डायरी घ्या. काल तुम्ही मोठ्या कौतुकाने दाखवलीत, मी पानं उलटली. सगळे आकडे सकाळी साडेनऊचे. एकही संध्याकाळचा नाही, एकही उठल्याबरोबरचा नाही. तुम्ही तलावपाळीच्या फेऱ्या मारून येता, सातला रस घेता, आंघोळ, पूजा आणि मग मशीन. बिटाचा परिणाम सगळ्यात जास्त असतो तो रस प्यायल्यावर दोन-तीन तासांनी. म्हणजे रस सर्वांत जोरात असतो नेमक्या त्याच वेळी तुम्ही रोज मोजता आहात. रात्री झोपेत किती असतं, पहाटे पाचला तुम्ही उठता तेव्हा किती असतं, हे त्या डायरीत कुठेच नाही. पहाटे उठण्याच्या सुमाराला बीपी आपणहून चढतं, थंडीत तर जास्तच. अर्धी गोळी तिथे कमी पडत असेल तर आपल्याला कळणार कसं? बाबा, ट्रेनमध्ये मला हीच भीती वाटत होती. आजोबा पहाटेच गेले होते.

तुमची गोळी चोवीस तास काम करावं म्हणून दिलेली आहे. बिटाचा रस काही तास साथ देतो. लंडनमध्ये बीपीच्या रुग्णांना चार आठवडे रोज 250 मिलिलिटर रस दिला होता आणि वरचा आकडा 7.7 ने उतरला होता. त्या रुग्णांतले निम्मे आधीपासून गोळ्या घेणारे होते आणि त्यांनी गोळीच्या जोडीला रस घेतला. तलावपाळीच्या तुमच्या मित्रमंडळींपैकी कुणी "माझ्या गोळ्या बिटाने सुटल्या" असं सांगितलं असेल, त्यांचं शरीर त्यांचं. कृपा करून आज रात्रीपासून पूर्ण गोळी घ्या आणि या आठवड्यात डॉक्टरांना अर्धी करत होतो हे स्पष्ट सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका. त्यांना खरं माहीत नसेल तर वाढलेलं बीपी बघून ते दुसरी गोळी वाढवून देतील. रसाचं नक्की सांगा. बिटात पोटॅशियम बरंच असतं आणि तुमच्या प्रकारच्या गोळीने ते शरीरात साठू शकतं. क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियमची तपासणी त्यांना विचारून करून घेऊ.

रस सोडा असं मी म्हणत नाही. घ्या, पण सध्या घेता तसा नको. तीन बिटं, एक सफरचंद, दोन गाजरं, वर चमचाभर मध, आणि सगळं गाळून चोथा कचऱ्यात. शंभर ग्रॅम बिटात सुमारे 7 ग्रॅम साखर असते. म्हणजे नुसत्या बिटांचीच वीसेक ग्रॅम झाली, त्यात सफरचंद आणि मध. मागच्या तपासणीत तुमची साखर काठावर होती. तुमच्या पोटाचा घेर 104 सेंटिमीटर भरला होता, आपल्याकडच्या पुरुषांना 90 च्या वर धोका धरतात. गोडाचा मोठा पेला रोज रिकाम्या पोटी, तोही औषध म्हणून, हे मला पटत नाही. एक बीट घ्या, सफरचंद आणि मध काढून टाका, लिंबू पिळा, आणि गाळू नका. किंवा कच्चं बीट किसून जेवणात खा. उकडलंत तर नायट्रेट बरंचसं पाण्यात उतरतं, ते पाणी ओतून देऊ नका.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसणार. हिरड्यांच्या त्रासावर दाताच्या डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या दिल्या होत्या. ती बाटली अजून बेसिनवर आहे आणि तुम्ही रस पिऊन लगेच लाल तोंड साफ करायला तीच वापरता. जिभेवरचे जिवाणू वर सांगितले ना? ती गुळणी त्यांनाच मारते. निरोगी माणसांना आठवडाभर अशा गुळण्या करायला लावल्या, तर तोंडात तयार होणारं नायट्राइट 90 टक्क्यांनी घटलं आणि बीपी थोडं चढलं. हिरड्या बऱ्या झाल्या असतील तर दाताच्या डॉक्टरांना फोन करून ती बंद करा. साध्या पाण्याने चूळ भरा.

आणि बाथरूममध्ये लाल दिसलं म्हणून तुम्ही दोन दिवस कुणालाच काही बोलला नाहीत, हे आईने मला निघताना जिन्यात सांगितलं. ऐकून पोटात गोळा आला. बिटाचा रंग काही जणांच्या लघवीत उतरतो, त्यात काही वाईट नाही. पण बीट न खाता लाल दिसलं तर त्याच दिवशी सांगायचं. मनात ठेवून बसायचं नाही, बाबा.

आई, आता तुझं. तू यांच्याबरोबर अर्धा पेला घेतेस, तो बंद कर. चार वर्षांपूर्वी मूतखड्याने तू रात्रभर तळमळली होतीस, मी तुझ्या पाठीला गरम पाण्याची पिशवी धरून बसले होते. बिटात ऑक्झलेट खूप असतं आणि बहुतेक खडे त्याचेच होतात. तुझा अहवाल तेच सांगत होता. पालक आणि बिटाचा पालाही तुझ्यासाठी नको. बीट फारच आवडत असेल तर क्वचित कधीतरी, तेही उकडून, पाणी काढून टाकून आणि दह्यातली कोशिंबीर करून. ऑक्झलेट काहीसं त्या पाण्यात जातं, आणि दह्यातलं कॅल्शियम उरलेल्याला आतड्यातच धरून ठेवतं. बाबांनी ठेवायचं ते पाणी तू टाकायचं, एवढं लक्षात ठेव. तुझी आजी बिटाची कोशिंबीर नेहमी दह्यातच करायची, तू सांगायचीस.

मीठ तेवढं तूच आवरू शकतेस. दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एका चहाच्या चमच्यापेक्षा थोडं कमीच, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. जांभळी नाक्यावरून फरसाणाची पिशवी आली नाही तर बाबा दोन दिवस कुरकुरतील. कुरकुरू देत.

मोजायचं असं. सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि रसाच्या आधी. पुन्हा रात्री जेवण आणि गोळीच्या आधी. पाठ टेकून खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीला, पायावर पाय नको, दंड छातीच्या उंचीला टेबलावर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे, वाईट आला तो गाळायचा नाही. आई, पाच मिनिटं यांच्याशी बोलू नकोस. 180 च्या वर गेलं तर पुन्हा मोजा आणि मला फोन करा. छातीत दुखलं, धाप लागली, बोबडी वळली किंवा हात जड पडला तर माझी वाट बघायची नाही, शेजारच्यांना उठवून सरळ हॉस्पिटलमध्ये जायचं.

मी शनिवारी सकाळी साडेसहाला पोचते, पहिल्या गाड्यांपैकी कुठलीतरी पकडते. तुम्ही चहा घेण्याआधी मला आकडा बघायचा आहे. मग तिघं मिळून तलावपाळीला जाऊ, आणि दहाला डॉक्टरांकडे. नंबर मी लावून ठेवला आहे.

कापलेल्या गोळ्यांची डबी तशीच ठेवा, त्यांना दाखवायची आहे. आज रात्री मात्र अख्खी घ्या, आणि घेतली की आईला मला एक मिस्ड कॉल द्यायला सांगा. मी जागी आहे.

तुमची,
मनी