घाण्याच्या तेलासाठी फिलिंग मशीन घेताना

ती. बाबा व आईस सा. नमस्कार,

शेंगदाणा तेलासाठी पिस्टनचं फिलिंग मशीन घ्यायचं ठरलं, बरं झालं. नरसाळं धरून आईचं दिवसभर वाकणं तरी थांबेल. पण विक्रेता म्हणतो तसं ‘एकदा सेट केलं की बघायला नको’, हे तेलाला लागू नाही.

पिस्टन आकारमान मोजतो, वजन नाही. तेल तापलं की फुगतं. 15 अंशांचं तेल 40 वर गेलं, की लिटरच्या त्याच स्ट्रोकमध्ये (पिस्टनच्या एका फेरीत) साधारण 16 ग्रॅम कमी बसतं. आपल्या लेबलवर 1 लिटर, 910 ग्रॅम छापलेलं आहे. 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत एखाद्या बाटलीला लिटरमागे सूट 15 मिलिलिटरचीच, आणि सगळ्या बाटल्यांची सरासरी कमी भरलेली चालतच नाही. डिसेंबरात लावलेलं माप मे महिन्यात गिऱ्हाइकाला कमी देणार. म्हणून सकाळी एकदा आणि ऊन चढल्यावर पुन्हा, रिकामी बाटली ठेवून काटा शून्य करा, दहा बाटल्या भरून तोला, मग स्ट्रोकचा बोल्ट फिरवा. काटा शिक्का मारलेलाच हवा.

घाण्यावरचं ताजं तेल लगेच भरू नका. दोन-तीन दिवस निवळू द्या, गाळून घ्या. फेस सिलिंडरमध्ये गेला की माप चुकलंच. टाकीतली पातळी खाली गेली तरी हवा ओढली जाते. मधूनच एखादी बाटली कमी भरू लागली, तर बाबा, आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे तेल उलटं जाऊ न देणारी झडप, उघडून बघा. पेंडीचा बारीकसा कण बसला तरी झडप पुरती मिटत नाही आणि तेल टाकीत परत जातं.

नोझल टोकाशीच बंद होणारं घ्या. थेंब बाटलीच्या ओठावर पडला, की फॉइलचं सील चिकटत नाही. आई, सील केलेल्या दोन बाटल्या रात्रभर रद्दीवर उलट्या ठेव. सकाळी तेलकट डाग दिसला तर सील कच्चं.

ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या, नायट्राइल किंवा व्हिटॉन रबराच्या मागा. ईपीडीएम रबर तेलात फुगतं. मशीन पाण्याने धुऊ नका. आत ओल राहिली तर तेल गढूळ होतं.

ॲडव्हान्स देण्याआधी आपलं वीस लिटर तेल आणि आपल्याच बाटल्या घेऊन जा. पाणी भरून दाखवलेली चाचणी मानू नका. पाण्याला ना तेलाचा चिकटपणा, ना तो फेस.

तुमची,
लेक